डायलिसिस-कक्षातील परिचारिका आणि तिचा विवेक

शुश्रूषेच्या बहुतेक शाखांत रुग्ण येतो, बरा होतो अथवा होत नाही, आणि त्याचा व परिचारिकेचा संबंध तेथेच संपतो. परंतु डायलिसिस-कक्षात येणारा रुग्ण आठवड्यातून दोनदा वा तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास, आणि ज्याच्या नशिबी प्रत्यारोपण नाही असा तर आयुष्य असेतो येतच राहतो, ही एक गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या कक्षातील परिचारिकेच्या नैतिक अडचणी इतरांहून निराळ्या का असतात याचा बराचसा उलगडा होतो. वर्षा-दोन वर्षांत तिला त्याच्या मुलीच्या लग्नाची तारीख ठाऊक होते, सोसायटीचे कर्ज किती थकले ते ठाऊक होते, कोणत्या हाताची शीर दगा देते आणि कोणती सुई टोचली असता तो डोळे मिटून घेतो हेही ठाऊक होते. या ओळखीपायी दोन गोष्टी एकदमच घडतात. माया वाढते आणि लक्ष कमी होते. जे रोज दिसते ते दिसेनासे होते, आणि या कक्षात रुग्णावर होणारा अन्याय बहुधा दुष्टाव्याने होत नसून अशा दिसेनाशा झालेल्या गोष्टींतून होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सबब पुढील विवेचनात मोठमोठ्या तत्त्वांचा ऊहापोह थोडा आणि रोजच्या कामाचा तपशील अधिक आढळला, तर वाचक भगिनींनी व बंधूंनी तो दोष मानू नये.

या उपचाराच्या जन्माबरोबरच नीतीचा प्रश्नही जन्मास आला, हे अनेकांना ठाऊक नसते. सिएटल येथील डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० साली रुग्णाच्या हातात कायमची बसविता येईल अशी नळी सिद्ध केली आणि तोवर केवळ चार-दोन वेळा करता येणारे डायलिसिस वर्षानुवर्षे चालू ठेवणे शक्य झाले. परंतु यंत्रे मोजकी आणि गरजू पुष्कळ अशी स्थिती असल्याने १९६२ साली तेथे उघडलेल्या केंद्रात कोणास घ्यावे हे ठरविण्यासाठी सात नागरिकांची एक समिती नेमावी लागली, जिच्या सभासदांची नावे गुप्त ठेवण्यात आली होती. या समितीने उमेदवाराचे वय, संसार, मिळकत, शिक्षण आणि चर्चमधील वावरदेखील विचारात घेतला, असे त्याच वर्षी ‘लाइफ’ या साप्ताहिकातून प्रसिद्ध झाले तेव्हा पुष्कळ खळबळ माजली, आणि माणसाच्या सामाजिक किमतीवरून त्याच्या जगण्याचा निवाडा करण्याचा अधिकार कोणाला पोचतो काय, या प्रश्नावर पुढे मोठा वादविवाद झाला.

आपल्याकडे अशी समिती नाही, असे म्हणून कोणी सुटकेचा निःश्वास टाकील, तर त्याने जिल्हा रुग्णालयातील डायलिसिस-कक्षाच्या टेबलावरची ती लांबोडकी वही एकदा उघडून पाहावी. २०१६ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली, महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली हा उपचार गरिबांना विनामूल्य मिळू लागला, आणि पूर्वी ज्यांनी मुंबई-पुण्याची वाट धरली असती अथवा घरीच पडून राहिले असते असे शेकडो लोक तालुक्याहून एसटीने येऊ लागले. यंत्रे मात्र मोजकीच. सकाळची शिफ्ट कोणाला, रात्रीची कोणाला, नवा रुग्ण केव्हा घ्यावयाचा, कोणाचा तिसरा वार कमी करावयाचा, हे सारे त्या वहीत पेन्सिलीने लिहिले आणि खोडले जाते. आणि ती वही बहुधा इन्चार्ज सिस्टरच्या हाती असते. ध्यानीमनी नसता सिएटलच्या सात जणांचे काम येथे एकीवर येऊन पडलेले असते.

म्हणून पहिली सूचना या वहीसंबंधी. क्रम कशाने ठरतो हे कक्षाच्या डॉक्टरांकडून लेखी घ्यावे: अर्ज आल्याची तारीख, आणि तीवर मात करणारी वैद्यकीय निकड, म्हणजे वाढलेले पोटॅशियम, फुप्फुसात साठलेले पाणी, यांसारखी कारणे. क्रम बदलला तर बदलाचे कारण आणि हुकूम देणाऱ्याचे नाव त्याच ओळीत नोंदवावे. एखाद्या पुढाऱ्याच्या चिटणिसाचा फोन येतो, ‘आमचा माणूस आहे, सिस्टर, तेवढं बघा,’ अशी गळ पडते. तेव्हा वादविवाद न करता ‘साहेब, वहीत कारण लिहावं लागतं, काय लिहू?’ एवढेच नम्रपणे विचारले असता निम्म्या शिफारशी आपोआप विरून जातात. उरलेल्या निम्म्यांचे दायित्व मग निदान ज्याचे त्याच्या नावावर राहते.

आता वेळेकडे वळू. चार तासांचे डायलिसिस पावणेचार तासांत उरकणे ही गोष्ट इतकी सर्वत्र आणि इतकी सहज घडते की तिला कोणी अपराध म्हणत नाही. पुढची शिफ्ट बाहेर बाकावर ताटकळत असते, शेवटची बस सुटावयाची असते, रुग्ण स्वतःच ‘सोडा की आता, ताई’ म्हणून मागे लागतो. परंतु हिशेब मांडून पाहावा. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या रुग्णाची दर खेपेस १५ मिनिटे कापली, तर वर्षाकाठी २६ तास, म्हणजे साडेसहा पूर्ण डायलिसिस त्याला न मिळता मिळाल्यासारखे दप्तरी लागतात. आधीच आठवड्यातून तीनऐवजी दोनच वार त्याच्या वाट्याला आलेले असताना ही कपात त्याच्या अंगावर सूज, दम आणि खाज होऊन उमटते, आणि मग त्याच सुजेबद्दल त्यालाच पथ्य न पाळल्याचा दोष दिला जातो. रुग्णाने स्वतः लवकर सोडविण्याचा आग्रह धरला, तर त्यास तो अधिकार आहे. मात्र त्याचा परिणाम त्याला समजेल अशा शब्दांत सांगून, डॉक्टरांना कळवून, प्रत्यक्ष किती मिनिटे यंत्र चालले तेवढीच लिहावीत. पुढच्या शिफ्टच्या सोयीसाठी सोडल्यास त्याला रुग्णाची संमती म्हणू नये.

याच ओघात चार्टाविषयी लिहिणे प्राप्त आहे. दर अर्ध्या तासाने रक्तदाब घेऊन नोंद करावयाची असा दंडक असतो. पण चार्ट हाती घेऊन पाहावे तर आठ रकान्यांत एकाच शाईने, एकाच तिरकस वळणाने, १३०/८०, १३०/८०, १२०/८०, पुन्हा १३०/८० असे आकडे ओळीने उभे असतात, आणि अनुभवी डोळ्यास ते शेवटच्या पाच मिनिटांत भरले आहेत हे तत्काळ कळते. दोन परिचारिकांवर दहा यंत्रांचा भार टाकणाऱ्या व्यवस्थेचा यात दोष आहे, हे निर्विवाद होय. तथापि या खोट्या नोंदीने जे घडते ते असे: तिसऱ्या तासाला रुग्णाचा दाब ९० पर्यंत उतरला, त्याच्या पिंढरीत गोळे आले, कोणी तरी पाय उंच केले, सलाईन सोडले आणि वेळ निभावली; कागदावर यातले काहीच आले नाही; महिन्याच्या फेरीस आलेल्या मूत्रपिंडतज्ज्ञाने कागद पाहिला आणि ठरविलेले कोरडे वजन, ज्याला आपण सारे ड्राय वेट म्हणतो, योग्यच आहे असे मानले; आणि त्या रुग्णाच्या पिंढरीत पुढच्या महिन्यातही गोळे येत राहिले. रिकामा रकाना प्रामाणिक असतो. नोंद घेता आली नसेल तर तो रिकामा ठेवावा आणि समासात ‘दुसऱ्या यंत्रावर तातडी’ असे लिहावे. मनुष्यबळ अपुरे आहे याचा दाखला वरिष्ठांपुढे ठेवण्यास या रिकाम्या रकान्यांइतका बिनतोड पुरावा दुसरा मिळणार नाही, तो आपल्याच हाताने बुजवून टाकण्यात शहाणपण काय?

पाणी आणि बोलणी हा पुढला विषय. रुग्ण काट्यावर चढतो, दोन वारांमधली वाढ चार किलो निघते, आणि कक्षाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, ‘काका, परत चार किलो? किती वेळा सांगायचं?’ असा उद्गार निघतो. यात वाईट हेतू नसतो. उलट बोलणारीचा जीव त्या काकांसाठी तुटत असतो. परंतु साठीच्या मनुष्याला दहा अनोळखी माणसांसमोर शाळकरी पोराप्रमाणे दरडावण्याचा हक्क मायेने मिळत नाही. दुसरे असे की, तहान ही पाण्यापेक्षा मिठाने अधिक ठरते, ही वैद्यकातील जुनी गोष्ट असता आपण पाण्यावर पहारा बसवितो आणि लोणचे, पापड, फरसाण व हॉटेलातली मिसळ यांची चौकशी राहून जाते. वीटभट्टीवर वा उसाच्या फडात दिवसभर उन्हात राबणाऱ्याला ‘दिवसाला अर्धा लिटर’ सांगताना त्याचा दिवस कसा जातो हे विचारण्याची तसदी किती जण घेतात? उपचार मोफत झाला तरी वाराची मजुरी बुडते, आणि बुडालेली मजुरी भरून काढण्यासाठी तो मधल्या दिवशी दुप्पट राबतो, हेही या चौकशीतच कळते.

शिवाय ते चार किलो काढावयाचे कसे, हा प्रश्न केवळ यंत्राचा आकडा फिरविण्याचा नाही. पंचावन्न किलोच्या मनुष्यातून चार तासांत चार लिटर ओढणे म्हणजे तासाला प्रत्येक किलोमागे सुमारे १८ मिलिलिटर. आणि हा वेग शक्यतो १३ च्या पुढे जाऊ नये, त्यापलीकडे हृदयावर ताण येतो, असे सांगितले जाते. येथे परिचारिकेचे काम शिक्षा म्हणून ‘सगळं काढून टाकू’ असे म्हणण्याचे नसून डॉक्टरांना तो वेग मोजून सांगण्याचे, वेळ वाढविता येते काय अथवा जादा वार देता येतो काय हे विचारण्याचे, आणि रुग्णाला बाजूला घेऊन आज सगळे का काढता येणार नाही ते समजावण्याचे आहे.

डायलायझर पुन्हा वापरण्याची रीत आपल्याकडे अद्याप पुष्कळ ठिकाणी आहे, आणि ती नीट पाळली तर तीत स्वभावतः काही अनीतिमान नाही. परंतु ती रुग्णास माहीत नसणे हे मात्र निश्चित अनुचित आहे. हा कितवा वापर, धुतल्यानंतर त्याची तंतूंमधली धारणशक्ती मूळच्या ८० टक्क्यांहून खाली गेली काय, निर्जंतुक करणाऱ्या रसायनाचा अंश उरला नाही याची पट्टीने चाचणी झाली काय, या गोष्टी नळ्या जोडण्यापूर्वी पाहावयाच्या असतात. जोडण्यापूर्वी लेबलावरचे नाव दोघांनी वाचावे, आणि तिसरे म्हणून रुग्णास स्वतः वाचावयास द्यावे. निरक्षर असल्यास मोठ्याने वाचून दाखवावे. एकाच शिफ्टला दोन पवार, किंवा दोन शेख, हा योग आपल्या जिल्ह्यांत दुर्मीळ नाही. अशा वेळी लेबलावर वडिलांचे वा नवऱ्याचे नाव लाल शाईने घालण्याची तजवीज असावी. ज्या रुग्णाकडून नव्या डायलायझरचे पैसे घेतले त्यास जुना लावला जात असल्याचे दिसले, तर तो व्यवस्थापनाचा प्रश्न म्हणून डोळे मिटता येणार नाहीत. नळी जोडणारा हात आपला असतो.

हेपॅटायटिस बी झालेल्या रुग्णासाठी वेगळे यंत्र आणि वेगळी जागा राखावी लागते, त्याचा डायलायझर पुन्हा वापरीत नाहीत, आणि शक्यतो त्या शिफ्टला त्याची शुश्रूषा करणारीने ज्यांना अद्याप प्रतिकारशक्ती नाही अशांकडे जाऊ नये, हे सारे शास्त्रोक्त आहे. त्याच्या वाट्याला चहा शेवटी येणे, त्याच्या हाकेस उशिरा ओ जाणे, आणि यंत्रावर तांबड्या अक्षरांत रोगाचे नाव लटकविणे, हे मात्र कोणत्याही शास्त्रात बसत नाही. एचआयव्हीसंबंधी तर २०१७ चा कायदा स्पष्टच आहे: रुग्णाच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करणे आणि तिच्या आधारे त्याला उपचार नाकारणे या दोन्ही गोष्टींस त्याने प्रतिबंध केला आहे. खुणेची सांकेतिक चिठ्ठी कर्मचाऱ्यांपुरती पुरेशी होते. शेजारच्या खाटेवरच्या नातलगाने ‘त्यांचं मशीन वेगळं का हो?’ असे विचारल्यास ‘प्रत्येकाचं त्याच्या गरजेप्रमाणे असतं’ एवढ्यावर विषय संपवावा. रुग्णाचे छायाचित्र मोबाइलच्या स्टेटसवर टाकू नये, मग ते वाढदिवसाच्या केकचे का असेना. भेटींचे म्हणाल तर दिवाळीचा फराळ सर्वांनी मिळून खाण्यास हरकत नसावी. एकीच्या नावाने बंद पाकिटात येणारी भेट परत करावी.

प्रत्यारोपणाची कुजबुज याच खाटांवर चालते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने अवयवांचा क्रयविक्रय गुन्हा ठरविला आहे. तरीही कोणी ‘एक माणूस आहे, नंबर देतो’ म्हणत बाकावर येऊन बसतो. परिचारिकेने असा नंबर घेऊही नये आणि पुढे देऊही नये, मग रुग्ण कितीही जवळचा असो. याहून अवघड प्रसंग घरातल्या दात्याचा. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. नवऱ्याच्या उशाशी बसलेली सून सासूच्या देखत हसून ‘माझंच देणार ना मी’ म्हणते, आणि पाणी आणावयाच्या निमित्ताने बाहेर आल्यावर ‘सिस्टर, मला भीती वाटते, पण नाही कसं म्हणू?’ असे पुटपुटते. तेव्हा तिला धीर देऊन पाठविणे म्हणजे तिला एकटे सोडणे होय. शस्त्रक्रियेच्या क्षणापर्यंत नकार देण्याची तिला मुभा आहे हे तिला सांगावे, आणि तिची कैफियत प्रत्यारोपण समन्वयकाकडे एकांतात पोचेल अशी व्यवस्था करावी. रुग्णाच्या बाजूचे असणे म्हणजे दात्याच्या विरुद्ध असणे नव्हे.

सर्वांत कठीण प्रसंग मात्र रुग्ण जेव्हा ‘बस्स झालं आता, मला नको’ म्हणतो तेव्हाचा. आपल्या परंपरेत अशा बोलण्याला अशुभ मानून ‘असं बोलू नये’ म्हणत तोंडावर हात ठेवण्याची रीत आहे, आणि परिचारिकाही मायेपोटी तीच चालविते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी आपल्या सहकारिणीची, अरुणा शानबाग यांची, २०१५ पर्यंत चार दशकांहून अधिक काळ जी सेवा केली तिला भारताच्या शुश्रूषेच्या इतिहासात तोड नाही. दयामरणाच्या अर्जावरील २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार बाहेरच्या अर्जदारापेक्षा या कर्मचाऱ्यांचा मानला, हे त्या सेवेचेच फळ. परंतु अरुणाबाई आपले मन बोलून दाखवू शकत नव्हत्या. डायलिसिसचा रुग्ण बोलू शकतो, आणि बोलतो, आणि चार तास आपल्या समोर असतो; त्याच्या वतीने बोलण्याची घाई करण्यापूर्वी त्याचे ऐकणे आपणास शक्य आहे.

ऐकताना एक भेद काटेकोरपणे करावा. ‘नको’ यामागे पैसा असतो, घरच्यांवर भार झाल्याची खंत असते, दर खेपेस येणारे गोळे व उलट्या असतात, उपचार करता येण्याजोगे नैराश्य असते. आणि कधी कधी यातले काहीही नसून दीर्घ विचारांती आलेली तृप्त वा थकलेली निवृत्ती असते. पहिल्या चार कारणांस इलाज आहेत: समाजसेवा अधीक्षक, योजनेचे कागद, कोरड्या वजनाचा फेरविचार, मानसोपचारतज्ज्ञ. ते केल्यावाचून त्याचा नकार मान्य करणे हा स्वायत्ततेच्या नावाखाली केलेला त्याग ठरेल. पाचव्यास इलाज नाही, आणि असू नये. सज्ञान व विवेकक्षम मनुष्याला उपचार नाकारण्याचा अधिकार आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मृत्यू येण्याचा हक्क व आगाऊ लिहून ठेवलेले वैद्यकीय इच्छापत्र यांस मान्यता मिळाली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती पुष्कळ सुलभ करण्यात आली. डायलिसिस थांबविल्यावर रुग्ण बहुधा एक-दोन आठवड्यांत जातो, ज्याची लघवी अद्याप थोडीफार होते तो काहीसा अधिक काळ राहतो. या काळात दम, खाज, मळमळ व अस्वस्थता यांवर औषधे असतात आणि ती द्यावयाची असतात. यंत्र बंद झाले म्हणून परिचारिकेचे काम बंद होत नाही; त्याच्या घरी कोणाचा फोन क्रमांक असावा, रात्री दम लागला तर काय द्यावे, हे लिहून देणे तिच्याकडेच येते.

एवढे सारे करताना तिची स्वतःची काय अवस्था होते, याचा विचार केल्यावाचून हा लेख पुरा करणे अन्यायाचे होईल. योग्य काय ते कळते पण वरच्यांच्या हुकुमामुळे, कंत्राटी नेमणुकीच्या धास्तीमुळे वा माणसांच्या तुटवड्यामुळे करता येत नाही, या अवस्थेतील क्लेशाचे विवेचन अँड्र्यू जेमटन या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ साली परिचारिकांविषयीच्या आपल्या ग्रंथात केले. असा क्लेश साठत गेला की मनुष्य एक तर नोकरी सोडतो किंवा वाटणे सोडून देतो. दुसरे अधिक घातक. त्यासाठी महिन्यातून एकदा, शिफ्ट बदलताना अर्धा तास, परिचारिका व टेक्निशियन यांनी मिळून एखादाच प्रसंग चर्चेस घ्यावा, कोणाचा दोष काढण्यासाठी नव्हे, तर कोणास काय दिसले आणि कोणाच्या नजरेतून काय सुटले हे पाहण्यासाठी. आणि त्यात नव्याने रुजू झालेल्या मुलीस पहिल्याने बोलू द्यावे, कारण तिची नजर अजून सरावलेली नसते. तक्रार करण्याजोगी बाब असल्यास ती तोंडी न सांगता तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक आणि घडलेली हकीकत एवढ्याच तपशिलानिशी इन्चार्जला लेखी द्यावी, पोच घ्यावी, प्रत आपल्याजवळ ठेवावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास तीच प्रत मेट्रनकडे, आणि रुग्णालयात नीतिविषयक समिती असल्यास तिच्याकडे पाठवावी. अर्जावर एकीऐवजी तिघींची सही असेल, तर उत्तर लवकर येते.